हमीदाभाभीचे टेस्ट कट

कुवेतमध्ये थंडी आल्याचं अंगाच्या आधी कानाला कळतं. एप्रिलपासून घुमत असलेला एसी नोव्हेंबरात कधीतरी आपण बंद करतो आणि घर एकदम गप्प होतं. मग इतके महिने दबून राहिलेले आवाज एकेक करून वर येतात. वरच्या मजल्यावरच्या मुलाची सायकल, जिन्यातून कुणाच्या तरी फटफटणाऱ्या चपला, खाली फरवानियाच्या रस्त्यावर बसवाल्याने उगाचच वाजवलेला हॉर्न. परवा मी एसी बंद केला आणि बाल्कनीत मशीन चालू केलं, तर त्याचा बारीकसा चर्र चर्र आवाज घरभर ऐकू आला. टेस्ट कट होऊन मशीन थांबलं. सवयीने मीही थांबले. मागून कुणी काही बोललं नाही, तेव्हा भानावर आले आणि पुढचं बटण दाबलं.

हे मशीन म्हणजे टेबलावर मावणारा क्राफ्ट प्लॉटर. प्रिंटरसारखाच दिसतो, फक्त शाईच्या जागी त्याला सुईएवढं ब्लेड असतं. रंगीत व्हिनाइलचा चिकट कागद आत घालायचा, कॉम्प्युटरवर अक्षरं काढायची, की ते ब्लेड सरसर फिरून अक्षरं कापून देतं. खालच्या मजल्यावरची एक फिलिपिनो बाई कायमची मायदेशी निघाली तेव्हा तिच्याकडून मी ते घेतलं. सतीश, म्हणजे माझा नवरा, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतल्या कामावरून थकून आला आणि बाल्कनीत हे धूड बघून म्हणाला, "आता हे आणि कशाला?" मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांवर नावं, डब्यांवर नावं, मंडळाच्या गणपतीला मखरावर अक्षरं, अशी कामं येऊ लागली तेव्हा गप्प बसला. आमच्या लेकीला मात्र या सगळ्याचा कंटाळा. "आई, जस्ट कट इट ना," असं दारातूनच म्हणून ती पुन्हा मोबाइलमध्ये.

लेकीचं काय चुकलं म्हणा, मीही घाईचीच बाई. दूध उतू जाईपर्यंत गॅससमोर उभी राहीन, पण त्याच्याआधी दोन मिनिटं आच कमी करणार नाही. आणि या मशीनचा पहिला नियमच असा, की घाई करायची नाही. खरं काम कापायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात नखाएवढा चौकोन कापून बघायचा, त्याच्या पोटात त्रिकोण. मग तो चौकोन सुईसारख्या टोकदार हुकने उचलायचा. त्रिकोण खाली कागदाला चिकटून राहिला आणि चौकोन अलगद सुटून आला, तर ब्लेडचा दाब बरोबर. चौकोन सुटताना त्रिकोणालाही ओढू लागला, तर दाब कमी. आणि खालच्या पाठकागदालाही चीर पडली, तर दाब जास्त. दाब बदलायचा, पुन्हा चौकोन. आमची बाल्कनी काचा लावून बंद केलेली, तिथे एसी पोचत नाही. उन्हाळ्यात तिथलं व्हिनाइल मऊ पडतं, थंडीत कडक होतं. ऑगस्टमधला आकडा डिसेंबरात चालत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी कोपरा न कापता थेट कापायला घ्यायची आणि वाया गेलेला कागद गुपचूप कचऱ्यात टाकायची.

हमीदाभाभी नसती, तर मी अजून तशीच राहिले असते.

ती दुसऱ्या मजल्यावर राहायची, आम्ही तिसऱ्यावर. तिच्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा, कोपऱ्यावर छोटा बकाला होता. तुमच्याआमच्या भाषेत किराणा दुकान. ही माणसं दापोलीपलीकडच्या खाडीकाठच्या गावची, मी चिपळूणची. पहिल्या वर्षी जिन्यात मी लेकीवर मराठीत ओरडत होते, तेव्हा खालचं दार उघडून ती म्हणाली, "किती वराडतंस गो, पोर लहान हाय." एवढीच आमची ओळख, आणि ती पुरली. वयाने माझ्याहून बरीच मोठी, त्यामुळे मी भाभी म्हणायची आणि ती मला नुसतं शुभा. खोबऱ्याच्या वाटणाचा वास कुणाच्या घरातून आला यावरून दुपारी कुणाकडे जेवायचं ते ठरायचं. तिची मुलगी सुमैया इथेच वाढली, बारावीनंतर आजोळी शिकायला गेली आणि तिचा इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला. तेव्हापासून हमीदाभाभीचा अर्धा जीव फोनमध्ये असायचा.

गेल्याच्या गेल्या थंडीत सुमैयाचं लग्न ठरलं. मुलगा अझीम, इथेच मीना अब्दुल्लाला एका कंत्राटदाराकडे नोकरीला. त्याला सुट्टी जानेवारीतच मिळणार होती, तीही मोजकी. आखातात लग्नाची तारीख पंचांग नाही ठरवत, मौलवीही नाही ठरवत. ती मुलाची सुट्टी ठरवते. त्यामुळे तारीख पक्की झाली, हॉल ठरला. आणि त्याच ऑक्टोबरात हमीदाभाभीच्या पोटातल्या दुखण्याचं नाव कळलं.

इस्पितळातला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, डॉक्टर भला माणूस होता. त्याने सांगितलं, केमो लगेच सुरू करू, आणि जानेवारीत रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तर तुम्हाला लग्नाला जायची परवानगी देईन. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत सगळ्यांना एकच गोष्ट माहीत होती. हमीदाभाभीला लेकीचं लग्न गाठायचं होतं. सुमैया रडून म्हणत होती, तारीख पुढे ढकलू, नाहीतर मीच येते तिकडे. भाभीने तिला फोनवर असं झापलं, की मी वर माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं. "मी मेलंय काय? मी येतंय. तू मेंदी काढून तयार ऱ्हा."

लग्नात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात अत्तराची इवलीशी बाटली द्यायची, बाटलीवर मुलामुलीची नावं, ही कल्पना तिचीच. बाजारातून रिकाम्या बाटल्यांचे खोके आणले. करंगळीएवढ्या बाटल्या, गोल, गुळगुळीत. त्यांच्यावर सोनेरी व्हिनाइलमध्ये 'सुमैया – अझीम', मराठीत. मी म्हटलं, भाभी, छापील स्टिकर आणू, स्वस्त पडतील. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी ब्लेड साफ करायला घेतलं.

सुरुवातीला तिने अक्षरांच्या मधला कचरा उचलायचं काम घेतलं. 'सु'च्या पोटातलं, 'मै'च्या मात्रांमधलं फालतू सोनेरी हुकने काढून टाकायचं. बारीक काम, पण तिच्या हाताला शिवणकामाची सवय होती. दुसऱ्या केमोनंतर एके दुपारी मी बघितलं, तर तिच्या बोटातून रक्त येत होतं आणि तिला ठाऊकच नव्हतं. हुक बोटात घुसला होता. डॉक्टरने सांगितलं होतं, औषधाने बोटं बधिर होतात. पण बधिर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तिने बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "आता मना दुसरा काम दे. बसवून ठेवू नको."

म्हणून मी तिला टेस्टचं काम दिलं. त्याला काय लागतं, डोळे लागतात, असं मला वाटलं. पण पाठकागदाला चीर पडली की नाही हे डोळ्यांना नीट दिसत नाही. कागद उलटा करून मागून बोट फिरवायचं, तेव्हा उंचवटा लागतो. तिला तो लागणार नव्हता. मी मशीनमध्ये कागद घालत होते, आणि वळून बघते तर काय, हमीदाभाभी डोळे मिटून तो नखाएवढा तुकडा गालावरून फिरवत होती. कानाजवळून हनुवटीपर्यंत, सावकाश. "लागताय," ती म्हणाली. "दाब कमी कर." मी कमी केला. पुन्हा चौकोन, पुन्हा गाल. "आता नाय लागत. आता काप."

ती थंडी माझ्या डोळ्यांपुढे अशीच उभी राहते. बाल्कनीच्या काचेतून येणारं पांढुरकं ऊन, खाली बकाल्यासमोर चहा पिणारी माणसं, टेबलावर ओळीने मांडलेल्या बाटल्या, आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली हमीदाभाभी गालाने कागद वाचताना. तिच्या भुवया तेव्हा गेल्या होत्या. गाल मात्र गरम असायचा. एकदा मी तिच्या हातातून तुकडा घेऊन माझ्या गालाला लावून बघितला, मला काहीएक कळलं नाही. ती हसली, म्हणाली, "तुझा गाल बोलण्यात जातोय सगळा."

रोज नव्या कागदाला एक टेस्ट पुरे असते. भाभी दोन करायला लावू लागली, मग तीन. दाब अगदी बरोबर असला, तरी म्हणायची, अजून एक. एकदा मी वैतागले.

"भाभी, टेस्ट करण्यातच रोल संपेल आपला."

"संपू दे. दुसरा आणू."

"अहो, पण झालंय ना बरोबर! काय बघताय आणखी?"

"घावन घालताना पयला कधी नीट येतो काय?" ती म्हणाली. "तो आपण उभ्याउभ्या चुलीपाशी खातो. कुणाला वाढत नाय. मना तो पयलाच आवडतो. त्याच्यावर कोण नाव ठेवत नाय." मग काचेबाहेर बघत म्हणाली, "काप म्हटला की मग कापून झाला, शुभा."

मी आणखी एक चौकोन कापला. त्या दिवसापासून मी तिला टेस्टबद्दल टोकणं सोडलं. ती म्हणेल तेवढे चौकोन. माझ्यासारख्या घाईच्या बाईला हे सोपं नव्हतं, पण त्या वेळी मलाही वाटायला लागलं होतं, की बाटल्या संपू नयेत. बाटल्या संपल्या, की जानेवारी येणार. जानेवारी आला, की रिपोर्ट येणार.

आम्ही किती गोष्टी तपासल्या त्या थंडीत! ब्लेड तपासलं, दाब तपासला, अक्षरांचा आकार बाटलीच्या गोलाईवर बसतो का ते तपासलं. एक बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, एक इक्बालभाईंच्या गाडीच्या काचेमागे उन्हात. नावं जागची हलली नाहीत. भाभीला एवढा आनंद झाला, की तिने खीर केली आणि त्या वासाने तिलाच मळमळलं, म्हणून सगळी आम्हीच खाल्ली.

मग कार्गोवाला आला. इथून गावी सामान पाठवायचं म्हणजे एक सोहळाच असतो. खोका एवढा मोठा, की त्यात माणूस बसेल, आणि त्याच्या सगळ्या बाजूंनी जाड मार्करने नाव, गाव, तालुका, फोन. पुन्हा वरून दोरी. बाटल्या कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवल्या, अत्तराचे डबे वेगळे बांधले, गावी मावश्या बसून भरणार होत्या. कार्गोची माणसं खोका उचलून जिन्यातून उतरू लागली, तेव्हा हमीदाभाभी कठड्याला धरून खाली बघत राहिली. "माझ्या आधी पोचणार बघ," ती म्हणाली. मी म्हटलं, मग काय, तुमची वाट बघत बसेल ओटीवर. असं काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

रिपोर्ट चांगला आला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं, की रिपोर्ट वाईट आला असेल. रिपोर्ट चांगला आला, डॉक्टरने मान डोलावली, इक्बालभाईंनी तिकिटं काढली. भाभीने मला खाली बोलावून बॅग दाखवली. दोन साड्या, मोत्यांचे तोडे आणि औषधांची पिशवी. त्यानंतर दोन दिवसांनी तिला ताप भरला. त्या तापाने आमच्या सगळ्यांच्या तोंडावर दार लावलं. डॉक्टरने विमानाचं नाव काढू दिलं नाही, आधी साध्या वॉर्डात, मग आयसीयूच्या काचेच्या खोलीत हलवलं. मला अजून त्या तापाचा राग येतो. आजाराचा येत नाही तेवढा त्या तापाचा येतो. आठवडाभर उशिरा आला असता, तर त्याचं काय बिघडलं असतं?

निकाह ठरल्या दिवशीच झाला. भाभीला अर्धवट शुद्ध होती तेव्हा तिनेच इक्बालभाईंना बजावलं होतं, की तारीख हलवायची नाही. मुलीचा मामा तिकडे निकाहातला वकील, म्हणजे मुलीच्या वतीने बोलणारा, म्हणून बसला. बापाची परवानगी फोनवर घ्यायची होती. मी त्या वेळी इस्पितळात डबा घेऊन गेले होते. लांबलचक कॉरिडॉरमध्ये, कोल्ड्रिंकच्या मशीनशेजारी, इक्बालभाई फोन कानाला लावून ताठ उभे होते. "हां, माझी इजाजत हाय," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं. "हां. कबूल हाय. माझी इजाजत हाय." फोन ठेवला आणि त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मुबारक म्हणायला तिथे मी एकटीच होते. मी म्हटलं, मुबारक हो. आम्ही दोघं काचेपाशी गेलो. इक्बालभाईंनी फोनवर आलेला सुमैयाचा फोटो काचेला लावून धरला, बराच वेळ धरला. आत भाभीचे डोळे मिटलेले होते. नर्सने हळूच पडदा ओढला.

त्यानंतर चार-सहा दिवसांत ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. तिला इथेच पुरलं, इथल्या कबरस्तानात. आयुष्यभर प्रत्येक सुट्टीला खोके बांधून गावी जाणारी बाई या वाळूतच राहिली. इक्बालभाईंनी वर्षभरात बकाला विकला आणि ते गावी गेले. त्यांच्या घरात आता एक केरळी कुटुंब राहतं, चांगली माणसं आहेत, त्यांच्याकडूनही खोबऱ्याच्या वाटणाचा वास येतो. तो आला, की मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते.

गेल्या आठवड्यात सुमैया आली. अझीमने तिला बोलावून घेतलं, इकामा झाला, इथल्याच एगैला भागात त्यांनी भाड्याने घर घेतलं आहे. ती दारात उभी राहिली आणि मला एकदम तिच्या आईचं कपाळ दिसलं. आत आली, लहानपणी बसायची त्याच कोपऱ्यात बसली. चहा घेताना मी तिला विचारलं, बाटल्या कशा झाल्या होत्या गं? इतके दिवस हे फोनवर विचारायचा मला धीर झाला नव्हता.

ती कपाकडे बघत हसली. "काकी, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? सगळी नावं निघून आली."

"निघाली?"

"मावश्यांनी अत्तर भरताना सांडवलं ना सगळीकडे. तेलकट अत्तर. बाटल्या तेलाने माखल्या आणि नावं सरकायला लागली. ज्या बाईने बाटली हातात घेतली, तिच्या बोटांना सुमैया-अझीम. कुणाच्या अंगठ्याला मी, कुणाच्या तळव्याला तो. सगळ्या बाया हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी गावातल्या अर्ध्या बायकांच्या हातांवर आमची नावं होती, घासली तरी लवकर जात नव्हती."

मी कप खाली ठेवला. फ्रीजमध्ये ठेवून बघितलं, उन्हात ठेवून बघितलं, गालाला लावून बघितलं. अत्तराच्या बाटलीवर अत्तराचा एक थेंब टाकून बघायचं आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आम्ही रिकाम्या बाटल्याच तपासत बसलो. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायला लागले. सुमैया उठून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मीला सांगायचं होतं हे मला. ती किती हसली असती."

शुक्रवारी आम्ही कबरस्तानात गेलो. गाडी सतीश चालवत होता, पुढे अझीम, मागे आम्ही दोघी. सुमैयाने काळा पायघोळ अबाया घातला होता, गळ्यापर्यंत बंद. पोचल्यावर पुरुष दोघं आत गेले. सुमैया भिंतीपाशी थांबली. "आमच्यात बाया आत जात नाहीत, काकी. मी इथूनच." भिंत तिच्या डोक्यापेक्षा उंच होती. पलीकडे काय आहे, ते दिसायला मार्गच नव्हता. वारा गार होता, पायाशी धूळ फिरत होती, रस्त्यावर दूरवर कुणी नव्हतं.

तिने इकडेतिकडे बघितलं आणि अबायाची बटणं एकेक करून सोडली. आत जरीचा मोतिया शरारा होता. गाडीत बसून चुरगळलेला. निकाहाचा. तिने अबाया माझ्या हातात दिला, ओढणी डोक्यावर घेतली, भिंतीकडे तोंड करून सरळ उभी राहिली आणि दोन्ही हात जरा बाजूला धरले, पूर्ण दिसावं म्हणून.

"अम्मीने बघितलंच नाही मला," ती म्हणाली. मग मागे न वळता तिने विचारलं, "इथून दिसत असेल ना तिला, काकी?"

"दिसतंय," मी म्हणाले. "ओढणी जरा सरळ कर."